हिंदीतली शिक्षा

आक्कांनी विचारलेला पहिला प्रश्न कधीच खरा नसे. "जेवलास का?" याचा अर्थ कुठे जेवलास, कोणाबरोबर जेवलास आणि तिथे काय बोलणं झालं, असा असे. हे कळायला मला तीन महिने लागले. तोपर्यंत मी सरळपणे "हो आक्का, जेवलो," एवढंच सांगायचो आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांचंच ताट लपवून आलो आहे.

बँकेतली माझी पहिली नेमणूक वाराणसीला झाली होती. परतूरच्या शाळेत शिकलेला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आक्कांनी खोली देण्याआधी वडिलांचा धंदा मला तीनदा विचारला. एकदा दारात, एकदा पाणी देताना आणि एकदा मी निघालो तेव्हा पाठमोरा असताना. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, तेव्हा म्हणाल्या, "ठीक आहे. सामान आण. आणि हे बघ परतूरवाल्या, माझ्याशी बोलायचं तर ह्या बाजूनं बोल. डाव्या कानानं मला काही ऐकू येत नाही."

ही त्यांची तीनदा विचारण्याची पद्धत मुलींच्या शाळेतून आलेली. तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. रोज सकाळी मुलींची नखं बघायची, केस बघायचे, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचं. निवृत्त झाल्या तरी हात थांबले नव्हते. भाजीवाल्याची टोपली, दूधवाल्याचं माप, गॅसवाल्याचा चेहरा, सगळं त्या उजेडाकडे वळवून बघत. कुलूप लावलं की तीनदा ओढत. चौथ्यांदा गल्लीच्या वळणावरून परत येऊन ओढत.

घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. तळाला एक मोठी खोली भाड्याने दिलेली, मधल्या मजल्यावर आक्का, त्यावर मी आणि माझ्याच मजल्यावर, गच्चीलगत एक बंद खोली. जिना दगडी आणि इतका अरुंद की वरून कोणी येत असेल तर खालच्याने थांबायचं.

आक्कांचं सारं आयुष्य काशीतच गेलं होतं, म्हणून त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असे. "जरा ठहर, दूध उतू जाईल," असं त्या म्हणत. माझी हिंदी मात्र शाळेतल्या पुस्तकाएवढीच. आल्या आल्या बँकेत एक हिंदी फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'शिक्षा'. मला वाटलं, पूर्वी काही शिक्षा झाली आहे का, असं विचारताहेत. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अद्याप एकही नाही.' समोरचा बाबू चष्मा काढून म्हणाला, "अनपढ़ हैं का भइया? फिर बैंक में कइसे घुस गए?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला त्या दिवशी अख्ख्या ऑफिससमोर कळलं.

आक्कांनी तो किस्सा गल्लीभर केला. घाटावरच्या नावाड्यांपर्यंत पोचवला. "हा आमचा परतूरवाला. घरातला पहिला शिकलेला. लिहून आला, शिक्षा एकही नाही!" मी ओशाळायचो. पण तो शब्द मी पुन्हा कधीच चुकणार नाही, असं मनाशी पक्कं केलं. माझी खरी चूक तिथूनच सुरू झाली.

तळाच्या खोलीत सुखदेव आणि फूलमती राहायला आले ते माझ्यानंतर वर्षाने. बर्मामधून आलेले. त्यांचे पणजोबा कधीकाळी बलियाकडून तिकडे शेतीला गेले होते. तिकडे लढाई पेटली, गावावर विमानातून बॉम्ब पडले आणि ही दोघं जंगलातून चालत सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली. तिथून रेल्वेने पणजोबांचं गाव शोधत बलियाला गेली. तिथे त्यांना ओळखणारं कोणीच उरलं नव्हतं. मग काशी. ती जुनी भोजपुरी बोलत. एवढी जुनी की गल्लीतली म्हातारी माणसं ऐकायला थांबत.

सुखदेव चौकाजवळच्या साड्यांच्या गोदामात गठ्ठे बांधायला लागला. तिकडे त्याची भाताची गिरणी होती, म्हणे. मला वाकून नमस्कार करायचा, "बाबूजी" म्हणायचा. मी त्याला अर्ज लिहून दिले, कोणत्या खिडकीवर जायचं ते समजावलं. ज्याचं घर लढाईने नेलं त्याला आपण एवढं तरी करावं, असं मला मनापासून वाटे.

आक्कांना तसं वाटत नव्हतं.

"फार वाकतो," त्या म्हणाल्या.

"आक्का, गरीब माणूस आहे. किती सोसून आलाय."

"सोसून आलाय ते खरं. पण वाकतो कुणापुढे? तुझ्यापुढे, माझ्यापुढे, गल्लीतल्या पंडितजींपुढे. दिवसभर वाकणारा माणूस घरी जाऊन सरळ होतो. तो कुठे सरळ होतो, ते बघायला पाहिजे."

मला हे फार कठोर वाटलं. मी स्पष्टच म्हणालो, "तुम्ही सगळ्यांवरच शक घेता."

"हो. म्हणून तर तुला खोली दिली. शक घेतला, तपासलं, दिली. ज्याच्यावर शक घेतला नाही, त्याचं मला काहीच माहीत नसतं."

फूलमती जेमतेम पंचवीसची. बर्मातल्या बायका गालांवर एका झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावतात. तनाखा म्हणतात त्याला. तिने जंगलातून येताना तवा आणला नाही, पांघरूण आणलं नाही, पण त्या झाडाचं मनगटाएवढं एक खोड फडक्यात गुंडाळून आणलं होतं. उगाळायचा दगड मात्र तिकडेच राहिला. एक दिवस तिने आक्कांच्या देवघरातली सहाण बघितली आणि दारातच थांबून बोट दाखवलं.

आक्का ती सहाण कोणाला शिवू देत नसत. मी एकदा सरकवून ठेवली, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. पण फूलमतीला त्यांनी सहाण दिली. अट एकच, इथेच बसून उगाळायचं, खाली न्यायची नाही. मला वाटलं, अखेर म्हातारीला दया आली. आता कळतं, त्यांना ती रोज डोळ्यांसमोर हवी होती.

ती रोज सकाळी यायची, पाण्याच्या थेंबावर खोड घासायची आणि दोन्ही गालांवर नीट दोन गोल काढायची. आक्का भाजी निवडता निवडता बघत असत. महिन्याभराने एका रविवारी त्यांनी मला हाक मारली.

"ह्या बाजूला बैस. ते खोड बघितलंस? आली तेव्हा एक वीत होतं. आता बघ. बोटभर झिजलं. दोन गालांना एवढं लागतं?"

"उन्हाळा आहे आक्का. जास्त लावत असेल."

"उजव्या गालावर गोल आहे. डाव्यावर लेप कानापर्यंत जातो. ऊन काय एकाच बाजूनं लागतं?"

मी हसलो. त्यांना खोडाचं मापही संशयास्पद वाटतं, याचं मला खरंच हसू आलं.

त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी सुखदेव भेटला. मी पंचगंगा घाटावर आरतीला निघालो होतो. रोज जायचो. त्याला म्हटलं, "चला, आरती बघू." तो हात जोडून म्हणाला, "ना बाबूजी, यही बेरा हम घर में रहते हैं. फूलमती को रोज साँझ को शिक्षा देते हैं."

मला इतका आनंद झाला! सगळं हरवून आलेला माणूस, दिवसभर गठ्ठे बांधून दमलेला, आणि संध्याकाळी बायकोला शिकवतो. माझ्या आईला कोणी अक्षर शिकवलं नव्हतं. पासबुकावर ती आजही अंगठा उठवते. मी त्या आनंदातच परत येऊन आक्कांना सांगितलं, "बघा. तुम्ही शक घेत होतात. तो तिला रोज संध्याकाळी, आरतीच्या वेळेला शिक्षा देतो."

आक्कांचा हात थांबला. "शिक्षा देतो?"

"आक्का, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे तुम्हीच गल्लीभर सांगितलंत."

"ते मला शिकवू नकोस. तीस साल मी शिक्षा विभागातून पगार घेतला आहे." मग थोडं थांबून, "तिच्या हाताला शाई दिसली का कधी? पाटी आहे घरात? पेन्सिल?"

"आक्का, तुमच्या कानाला मराठी शब्द ऐकू आला, एवढंच."

"त्याच वेळेला का? ज्या वेळेला घाटावर घंटा आहे, शंख आहे, नगारा आहे, वर मशिदीत अज़ान आहे, आणि खालच्या खोलीतलं काही कुणाला ऐकू येत नाही, त्याच वेळेला शाळा का भरते?"

तरी मी हटलो नाही. शिकलेल्या माणसाचा हट्ट होता तो. एकदा चुकलेला शब्द आता मला बरोबर येत होता आणि त्यांना चुकीचा ऐकू येत होता, याची मला थोडी गंमतही वाटत होती.

पुढच्या रविवारी दुपारी सुखदेव गोदामात होता. आक्कांनी फूलमतीला बोलावलं, सहाण दिली नाही. ओला पंचा दिला. शाळेतल्या मुलीला सांगावं तसं म्हणाल्या, "मुँह पोंछ." मी जिन्यात होतो. आक्कांनी मला थांबायची खूण केली. मी बघावं अशीच त्यांची इच्छा असावी.

फूलमतीने उजवा गाल पुसला. डावा पुसेना. आक्कांनी स्वतः पुसला. पिवळ्या लेपाखालून जुनं हिरवट आणि त्यावर नवं काळंनिळं असं, कानाच्या पाळीपर्यंत.

"गिर गइनी," ती म्हणाली.

"कुठे पडलीस?"

"सीढ़ी पर."

आक्कांनी तिला पाणी दिलं, दोन लाडू दिले. बोलता बोलता विचारलं, कुठे पडली होतीस म्हणालीस? "घाट पर." लाडू संपला. ती उठायला लागली तेव्हा तिसऱ्यांदा. "नल के पास," म्हणाली आणि स्वतःच थांबली. तीन जागा झाल्या हे तिलाही कळलं.

मग ती रडली नाही, एवढंच म्हणाली की लढाईने त्याचं डोकं फिरवलं, आधी तो असा नव्हता. माझ्या मनातही तेच होतं. आक्कांनी मान हलवली, पण हाही प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. पहिल्यांदा उत्तर तेच आलं. दुसऱ्यांदा ती गप्प राहिली. तिसऱ्यांदा सहाणेकडे बघत म्हणाली,

"पहिलहूँ मारत रहलन. बाकिर उहाँ हमार माई के घर लगे रहे."

आधीही मारायचा. पण तिथे माझ्या आईचं घर जवळ होतं. मार पडला की ती शेत ओलांडून आईकडे जायची. दोन दिवसांनी तो न्यायला यायचा आणि सासूसमोर मान खाली घालून बसायचा. लढाईने गिरणी नेली, शेत नेलं आणि ते चालत जाण्याएवढ्या अंतरावरचं घर नेलं. आणि इथे तो तिला सांगायचा, ठाण्यात गेलीस तर आधी कागद मागतील आणि परत बॉम्बखाली पाठवतील.

आक्का उठल्या, गच्चीलगतची बंद खोली उघडली आणि तिला आतली कडी दाखवली. "ही तू लावायची. मी हाक मारली तरी लगेच उघडायची नाही. आधी मला तीन गोष्टी विचार. मग उघड."

संध्याकाळी सुखदेवला त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं की फूलमती रामनगरला एका ओळखीच्या बाईकडे गेली आहे. तो तीन दिवस पुलापलीकडे रामनगरच्या गल्ल्या पालथ्या घालत होता आणि ती त्याच्या डोक्यावर, दोन मजले वर, कडी लावून बसली होती. ज्या जिन्याने तो रोज आक्कांना नमस्कार करायला येई, त्याच जिन्याच्या टोकाला.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो बँकेत आला. डोळे सुजलेले. मला म्हणाला, बाबूजी, ती मेली की जिवंत आहे एवढंच सांगा. नदीत तर उतरली नाही ना? त्याने माझे पाय धरले. मी ते सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं की हा माणूस पस्तावला आहे, दोघांनी समोर बसून बोललं तर सुटेल. वादविवाद समजुतीने मिटतात, असं मी शाळेत निबंधात लिहून बक्षीस मिळवलं होतं. मी त्याला सांगितलं, "घाबरू नका. ती सुखरूप आहे. वरच आहे, आक्कांकडे."

तो ताठ उभा राहिला. नमस्कार केला नाही. सरळ झालेला सुखदेव मी पहिल्यांदाच बघितला.

थोड्या वेळाने मला राहवेना. साहेबांना सांगून निघालो. गल्लीत शिरलो तेव्हा आमच्या दाराशी माणसं जमली होती.

आक्का जिन्याच्या चौथ्या पायरीवर, बरोबर मधोमध बसल्या होत्या. मांडीवर सहाण, हातात चंदनाचं खोड. देवाचं गंध उगाळत होत्या. त्यांना हात लावून बाजूला केल्याशिवाय वर जायला वाट नव्हती. सुखदेव खाली उभा राहून हळू आवाजात, गोड बोलत होता. आणि आक्कांनी त्याच्याकडे डावा कान केला होता.

"काय म्हणालास? जोर से बोल बेटा. मी बहिरी आहे."

"माई, तनी रस्ता दे दीं."

"काय देऊ?"

"रस्ता, माई."

"रास्ता कुठला? मशिदीकडचा? तो मागून आहे."

कोणीतरी हसलं. सुखदेवचा आवाज चढला. आक्का गंध उगाळतच होत्या. "नाही ऐकू आलं. पुन्हा सांग." प्रत्येक वेळी तो जरा मोठ्याने बोलायचा आणि प्रत्येक वेळी गोड शब्द एकेक करून गळून पडत गेले. घंटा नव्हती, शंख नव्हता. दुपारचे तीन वाजले होते. शेवटी तो ओरडला, "हमार मेहरारू ह! मारब, काटब, हमार मरजी! नीचे भेज बुढ़िया, ना त तोहरो के सिच्छा देब!"

बायको माझी, मारीन नाहीतर कापीन; तुलाही शिक्षा देईन. ज्यांना तो रोज वाकून नमस्कार करायचा, ते सगळे तिथे होते.

आक्कांनी मान वळवली, उजवा कान त्याच्याकडे केला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे ऐकू आलं." मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून माझ्यावर आली. मी दारात उभा होतो.

दोघा नावाड्यांनी सुखदेवला दंडाला धरून बाहेर नेलं. तो पुढे दोनदा परत आला, गल्लीच्या तोंडापर्यंत. फूलमतीही एकदा त्याच्याकडे गेली. अकरा दिवस. मला धक्का बसला, आक्कांना नाही. त्यांनी त्या अकरा दिवसांत वरच्या खोलीच्या कडीला तेल घातलं. ती परत आली तेव्हा कडी आवाज न करता सरकली. एक वकीलबाई शोधून आक्का तिच्याबरोबर ठाण्यात गेल्या. कागद मागितले गेलेच. तिथेही आक्कांचा डावा कान पुष्कळ कामी आला, असं वकीलबाई सांगत होत्या. पण तिला परत कोणी पाठवलं नाही.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याने आक्कांनी मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "सुखदेवला कोणी सांगितलं असेल?"

"काय माहीत," मी म्हणालो.

ताक वाढताना पुन्हा. "गोदामातल्या कोणी बघितलं असेल," मी म्हणालो.

मी हात धुऊन पाठमोरा झालो तेव्हा तिसऱ्यांदा. मी म्हणालो, "मी सांगितलं."

त्या रागावल्या नाहीत. ताट उचलत म्हणाल्या, "मला त्या दिवशीच माहीत होतं. तू किती वेळात सांगतोस, ते बघत होते." मग म्हणाल्या, "आता तुला काम आहे. रोज संध्याकाळी, आरतीच्या वेळेला, घाटावर जायचं नाही. इथे बसायचं आणि फूलमतीला शिक्षा द्यायची. हिंदीतली."

दीड वर्ष मी तिला लिहायला वाचायला शिकवलं. दार सताड उघडं असे आणि आक्का उंबऱ्यात बसत, उजवा कान आत करून. त्यांना माझ्यावरही शक होता. मला त्याचं वाईट वाटत असे. कधीतरी फूलमतीने वहीतून मान वर केली आणि तिच्या डाव्या गालावर दिवा पडला, तेव्हा मला एकदम सुचलं की आक्कांचा डावा कान कशाने गेला हे मी कधी विचारलंच नाही. उंबऱ्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं नाही. तीनदा विचारायची माझी हिंमत नव्हती.

माझी बदली झाली. लग्न झालं. गेल्या वर्षी बायकोला घेऊन काशीला गेलो. आक्का खूप वाळल्या होत्या. फूलमती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती आणि तीच आता वरच्या खोलीत राहत होती. खोड केव्हाच संपलं होतं. तिचे गाल उघडे होते.

बायको आक्कांच्या पाया पडली. आक्कांनी तिला उठवलं, हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. पदराच्या टोकाने डाव्या गालावरची पावडर पुसली आणि नीट बघितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. काही केलेलं नसताना मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"जेवलीस का?" त्यांनी तिला विचारलं. पाणी देताना पुन्हा विचारलं. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वरून तिसऱ्यांदा हाक आली, "अगं, जेवलीस ना?" बायको हसून म्हणाली, "हो आक्का, तिन्ही वेळा तेच!"

गल्लीच्या वळणावर मी मागे बघितलं. आक्का खिडकीत उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. मी वर केलेल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, तो खाली येईपर्यंत.